सतरा नंबरचं बूच

१

बूच चुटकीसरशी निघालं, तिथेच ताई चपापली.

एरवी त्या बाटलीचं काचेचं बूच काढायचं म्हणजे दोन्ही हातांनी पीळ द्यावा लागे, दात आवळावे लागत. आज ते दोन बोटांत अलगद आलं. आणि तळाशी जिथे पिवळेधमक स्फटिक असायला हवे होते, तिथे पांढरी पूड होती. मिठासारखी पांढरी, निर्लज्ज.

सकाळचे दहा वाजले होते. दुपारी चारला बाहेरच्या परीक्षकबाई येणार होत्या. सहा वर्षांचं काम त्या एका बाटलीत होतं. ते दाखवून ताईला पदवी मिळायची होती आणि मागोमाग प्रयोगशाळेतली एकुलती एक रिकामी जागा. ताई ही तिथे कुणाचीच सख्खी ताई नव्हती. चौतिशी गाठलेली, संशोधकांत सगळ्यांत जुनी, म्हणून सगळे ताई म्हणत, इतकंच.

टेबलाभोवती तिघं उभी होती. एक मोठे सर, प्रयोगशाळेचे प्रमुख आणि तिचे मार्गदर्शक. दुसरा जावईबापू, त्याच एका जागेसाठी टपलेला संशोधक. आयुष्यात सगळं आयतं ताटात पडत आलं म्हणून त्याला हे नाव. आणि तिसऱ्या वहिनी, रेणूंची रचना तपासणारं ते खोलीभर यंत्र चालवणाऱ्या.

"अगंबाई!" एवढंच वहिनी म्हणाल्या. जावईबापूने हलकेच शीळ घातली. ताईचा हात शिवशिवला, पण तिने तो एप्रनच्या खिशात कोंबला.

वहिनींनी चिमूटभर पूड यंत्रात घातली. अर्ध्या तासात निकाल आला. बाटलीत होता तो साधा हायड्रोकार्बन, ताईने ज्यापासून सुरुवात केली होती तो. ब्रोमीनचा मागमूससुद्धा नाही.

"बाळा," मोठे सर मऊ आवाजात म्हणाले, "होतं असं. खूप हवं असलं की माणसाला नाही ते दिसायला लागतं." त्यांनी फाइलमधून टाइप केलेला एक कागद काढला, वर आपलं जाड सोनेरी टोपणाचं पेन ठेवलं. "यावर सही कर. माझा दावा चुकीचा होता, मी तो मागे घेते, एवढंच आहे. परीक्षकबाईंना मी सांभाळून घेईन. इथेच कुठेतरी मदतनीस म्हणून तुझी सोय करीन. सही केली नाहीस, तर मात्र चार वाजता मला तुझ्यावर बनावटगिरीचा ठपका ठेवावा लागेल."

ताईने कागद वाचला. पुन्हा वाचला. मग तो सरांच्या हातात परत दिला.

"नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही, सर. ते स्फटिक मी माझ्या हातांनी केले. चार महिने रोज डोळ्यांनी पाहिले. आणि ही बाटली चार वाजेपर्यंत माझ्याजवळ राहील."

"राहू दे की. आता त्यात आहे काय!"

सर हसले. ते हसू तिला चापटीपेक्षा जास्त लागलं. बाटली छातीशी धरून ती निघाली ती थेट जिना उतरून तळघरात, काचकाकांकडे.

२

काचकाका म्हणजे प्रयोगशाळेचे काच फुंकणारे. तीस वर्षं ज्योतीसमोर बसून त्यांचा चेहरा कायमचा तांबूस झाला होता, आणि स्वभाव ज्योतीहून गरम. ताई आत गेली तेव्हा ते भिंतीशीच भांडत होते.

"कोण गाढव आहे ते कळलं ना, त्याला याच भट्टीत शेकतो!" त्यांनी टेबलावर काहीतरी आपटलं. खट्‌ असा आवाज झाला. "फुटक्या काचेच्या डब्यात रबराचं बूच! डब्यातली काच इथे माझ्याकडे वितळायला येते, हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. रबर भट्टीत गेलं असतं तर काचेची वाट लागली असती. आणि तू काय अशी तोंड पाडून?"

ताईने घडाघडा सगळं सांगितलं. सांगताना रडू यायचं तिथे राग आला, आणि तिला तेच बरं वाटलं.

"थांब," काका म्हणाले. "मला तुझं ते ब्रोमीन पहिल्यापासून सांग. मी चौथी नापास आहे असं समज."

ताईने स्टूल ओढलं. "काका, ब्रोमीन हा मुळात घेणारा. दुसऱ्याचा इलेक्ट्रॉन ओढायचा आणि ऋणभार मिरवायचा, हा त्याचा धर्म. सगळ्या हॅलोजनांचा तोच. पण दोन कार्बनांमध्ये दुहेरी बंध असला, की ब्रोमीन त्या दोघांच्या मध्ये जाऊन बसतो. तिघांचं त्रिकोणी कडं होतं. आणि त्या कड्यात ब्रोमीनवर चक्क धनभार असतो."

"घेणाऱ्यावर द्यायची पाळी."

"अगदी! पण हे कडं टिकत नाही. क्षणात कुणीतरी मागच्या बाजूने येऊन धडकतं आणि कडं फुटतं. नेहमी मागूनच, कारण पुढून ब्रोमीन आडवा असतो. म्हणून मी असा रेणू बनवला की दोन्ही कार्बनांना पाठीमागे भिंती आहेत. पिंजराच. मोठ्या पिंजऱ्यात धन ब्रोमीन टिकतो हे पूर्वीपासून माहीत आहे. माझा पिंजरा लहान आहे, भिंती बुटक्या. मोठ्या सरांच्या पुस्तकात अकरावं प्रकरण यावरच आहे. इतक्या बुटक्या भिंतींमागे हा आयन दोन मिनिटंही टिकणार नाही, असं त्यांनी ठासून लिहिलंय. काका, तो टिकला. घट्ट काचेच्या बाटलीत, थंड कपाटात, चार महिने!"

"मग आता गेला कुठे?"

"तेच तर! कडं फुटलं असतं तर ब्रोमीन त्या रेणूलाच चिकटून राहिला असता. इथे ब्रोमीन औषधालाही नाही, आणि पिंजरा मात्र जसाच्या तसा. म्हणजे ब्रोमीन कुणीतरी काढून नेला. हलक्या हाताने, काही न मोडता."

काकांनी बाटली उजेडात धरली. तिच्या तोंडाच्या कडेला आतून मोहरीएवढी गाठ होती. गेल्या वर्षी टवका उडाला होता, तो काकांनीच भरून दिला होता. मग त्यांनी तळ पाहिला. तिथे त्यांच्या हाताने कोरलेला आकडा होता, सतरा. ही काकांची पद्धत काच धुणाऱ्या सगळ्यांना ठाऊकच होती: प्रत्येक बाटलीचं बूच त्याच बाटलीत घासून घासून बसवायचं आणि दोघांवर एकच आकडा कोरायचा. धुताना अदलाबदल झाली की बूच घट्ट बसत नाही. बारा वर्षांपूर्वी अशाच अदलाबदलीतून ईथर गळून आग लागली होती, तेव्हापासूनचा हा नियम. दुसरा नियम असा, की ज्याची काच त्याने धुवायची. मग तो जावईबापू का असेना.

काकांनी बूच काढलं आणि त्याच्या माथ्यावरचा आकडा नखाने चाचपला.

"पोरी," ते सावकाश म्हणाले, "हे एकतीस आहे."

३

थंड कपाटाच्या किल्ल्या चौघांकडे होत्या: ताई, जावईबापू, वहिनी आणि मोठे सर. ताई गेले नऊ दिवस गावालाच होती, आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी. राहिले तिघे.

"तू फक्त बरोबर चल आणि तोंडाला कुलूप लाव," काका म्हणाले. त्यांनी एका क्रेटमध्ये तीन रिकाम्या बाटल्या ठेवल्या, शेजारी धुतलेल्या बुचांचा ट्रे. "कशाला?" ताईने विचारलं. "माझी कामं मला आहेत," काका गुरगुरले.

जावईबापू वरच्या मजल्यावर आपल्या टेबलाशी केस सारखे करत होता, समोरच्या कपाटाच्या काचेत बघून.

"हे बघा, मला फायदा झाला हे मी नाकारत नाही," तो म्हणाला. "जागा एक आणि उमेदवार दोन. पण मी कशाला तिच्या बाटलीला हात लावू? मी तर ते कपाट दोन महिन्यांत उघडलेलं नाही."

"नक्की?"

"नक्की."

"बरं. माझे हात भरलेत, जरा त्या बाटलीला बूच लाव."

जावईबापूने तोंड वाकडं केलं. बाटली पालथी करून पाहिली, ट्रेमधलं एक बूच उचललं, खिडकीकडे धरलं, परत टाकलं. दुसरं उचललं, तेही टाकलं. तिसरं पिळून बसवलं. "काका, तुमचे आकडे वाचायला दुर्बीण लागते हो."

बाहेर पडल्यावर ताई फणफणली. "काका, हा धडधडीत खोटं बोलतोय! त्याचे नमुने त्याच कपाटात असतात."

"ऐकलं मी. चल."

यंत्राच्या खोलीत नेहमीसारखा गारठा होता. वहिनींचे डोळे लाल झाले होते. वहिनींचं कंत्राट दर वर्षी मोठ्या सरांच्या सहीने वाढत असे आणि घरी दोन मुलं शिकत होती, हे ताईला ठाऊक होतं. वहिनी कुणाविरुद्ध काही बोलतील अशी तिला आशा नव्हती.

"अगं, चार महिन्यांपूर्वीचा आलेख मीच काढलाय," वहिनी म्हणाल्या. "त्यात ब्रोमीनवाला आयन ढळढळीत दिसतो. आता सर म्हणतात, तो दुसराच काहीतरी नमुना असेल. मी काय करू? मी यंत्राला खोटं बोलायला शिकवलेलं नाही, एवढंच मला माहीत." त्यांनी पदराने नाक पुसलं. "आणि एक सांगते, मग मला ओढू नका यात. गुरुवारी जावईबापूने माझी किल्ली मागून नेली. म्हणाला, त्याची घरी राहिली."

ताईने काकांकडे विजयाने पाहिलं. काकांनी नुसती मान हलवली आणि दुसरी बाटली पुढे केली. वहिनींनी चष्मा कपाळावर चढवला, बूच डोळ्यांशी नेऊन पाहिलं, दोन बाजूला सारली आणि एक लावलं.

मोठ्या सरांच्या खोलीत भिंतीवर त्यांच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ चौकटीत लावलेलं होतं. अकरा आवृत्त्या. सरांनी ताईला बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"बाळा, तू काकांना कशाला दमवतेस? मला का यातना होत नाहीत? मी या प्रयोगशाळेत लहानाचा मोठा झालो. इथली एकेक बाटली मला नावानिशी ठाऊक आहे."

"म्हणूनच आलो," काका म्हणाले. "सर, जरा ह्या बाटलीचं बूच लावता का? हात भरलेत माझे."

"द्या इकडे." सरांनी बोलता बोलता ट्रेमधलं हाताशी आलेलं बूच उचललं आणि तळव्याने दाबलं. "हे बघ, सही करण्यात कमीपणा नाही. मी तुझ्या वयाचा असताना..."

"सर, तुम्ही माझ्या वयाचे असताना हाच आयन करायला बसला होतात ना?" ताईचं तोंडाचं कुलूप तुटलं. "प्रस्तावनेत लिहिलंय तुम्ही. तुमचा दीड मिनिटात गेला."

सरांच्या गालावरची शीर उडाली.

"चार वाजता," ते म्हणाले. "तोपर्यंत विचार कर."

४

तीन वाजून गेले होते. जिन्याच्या वळणावर ताईने घरी फोन लावला. आईच्या डोळ्यावर अजून हिरवी पट्टी होती आणि डॉक्टरांनी शिवणयंत्राला महिनाभर हात लावायचा नाही म्हणून बजावलं होतं. ती त्यावरूनच चिडलेली होती.

"आई, सही केली तर निदान नोकरी राहील."

"तू केलं होतंस का ते? खरं सांग."

"केलं होतं, आई."

"मग सही कसली करतेस, डोंबल! मी चाळीस वर्षं कपडे शिवले. कुणी म्हणालं ही शिवण तुझी नाही, तर मी मान्य करेन होय? नोकरी गेली तर ये घरी. काजं करायला मला माणूस हवंच आहे."

ताई रडता रडता हसली. फोन ठेवून ती तळघरात उतरली.

"काका, जावईबापूच आहे. किल्ली त्यानेच नेली."

"किल्ली नेली, खरं. मी मघाशी जाऊन त्याची मान धरली. स्वतःचा एक बिघडलेला नमुना गुपचूप बदलायला नेली म्हणे, तुझ्या परीक्षकबाईंना तो दिसू नये म्हणून. लबाड आहे, पण तुझा चोर तो नव्हे. चोर कोण ते मला कळलंय. पण त्याने तुझं ब्रोमीन नेलं कशात, ते मला कळेना. ते तू सांग. मी चौथी नापास."

ताई टेबलाशी बसली. ब्रोमीन काही हवेत विरघळून नाहीसा होत नाही. तो एका ठिकाणाहून निघाला, म्हणजे दुसऱ्या ठिकाणी गेलाच. तिच्या स्फटिकांतून त्याची वाफ कणाकणाने सुटते. बंद काचेत सुटून जाणार कुठे? परत येऊन बसते. पण तिथे दुसरं कुणी भुकेलं असलं, तर? ज्याच्यापाशी दुहेरी बंध आहेत, एक नाही, लाखांनी, असं कुणी? ते वाफ खात राहील, स्फटिक सोडत राहतील, आणि शेवटी उरेल तो नुसता पिंजरा. पांढरा.

ती विचार करता करता समोरची वस्तू बोटांनी फिरवत होती. मग तिने खाली पाहिलं. सकाळचं रबराचं बूच. रबर असून दगडासारखं कडक, खालचं टोक पिवळट तपकिरी, भेगाळलेलं. टेबलावर पडताना ते खट्‌ वाजलं होतं. रबर कधी खट्‌ वाजतं का?

"काका," तिचा आवाज चिरका झाला, "रबर म्हणजे नुसते दुहेरी बंध! ब्रोमीनच्या बाटलीला रबराचं बूच लावायचं नाही, हा आमचा पहिल्या वर्षाचा धडा आहे. ब्रोमीन खाऊन रबर असंच कडक होतं. माझी चोरी सकाळपासून तुमच्या टेबलावर पडली आहे!"

काकांनी बूच हिसकावून घेतलं, डोळ्याला भिंग लावलं आणि ते बाटलीच्या तोंडात हळूच फिरवलं. टक्‌ करून ते एका जागी अडकलं. काकांचा तांबूस चेहरा खुलला.

"चल वर," ते म्हणाले. "आणि माझी ज्योत घे बरोबर."

५

परीक्षकबाई ठेंगण्या होत्या, पांढऱ्या केसांच्या, आणि त्यांना पाल्हाळ खपत नसे. चारला पाच मिनिटं असतानाच त्या टेबलाशी येऊन बसल्या होत्या. सरांनी खेदाने सगळी हकीकत सांगितली आणि तो कागद, ते पेन पुन्हा ताईसमोर सरकवलं.

"मी सही करणार नाही," ताई म्हणाली. "मला पंधरा मिनिटं द्या."

"दिली," परीक्षकबाई म्हणाल्या.

काकांनी ज्योत पेटवली. ताईने तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवली, एका नव्या रबरी बुचाला टेकवली आणि ज्योतीत धरली. साधी पिवळी, धुरकट ज्योत. मग तार पुन्हा तापवून तिने ती कडक बुचाच्या खालच्या टोकाला टेकवली. या वेळी ज्योत हिरवीगार झाली. सगळ्या रसायनवाल्यांना त्या हिरव्याचा अर्थ माहीत होता: तांबं आणि हॅलोजन भेटले.

"या रबरात ब्रोमीन आहे," ताई म्हणाली. "माझ्या बाटलीतला. मी गावी गेल्यावर कुणीतरी काचेचं बूच काढून हे बसवलं, नऊ दिवस ठेवलं, आणि आज सकाळी पुन्हा काचेचं लावलं. बाटली पळवली असती तर बोंब झाली असती. अशी ठेवली, की खोटी ठरले मी."

"तुझ्याच बाटलीतलं कशावरून?" सरांनी शांतपणे विचारलं. "ब्रोमीन काय इथे एकाच बाटलीत असतं?"

"ते मी सांगतो," काका म्हणाले. "सतरा नंबरच्या तोंडात माझ्या हातची एक गाठ आहे. मऊ रबर तिच्यावर दाबलं गेलं, मग ब्रोमीनने ते तसंच कडक केलं. खाच कायमची राहिली. हे बघा." त्यांनी बूच फिरवलं. टक्‌. परीक्षकबाईंनी स्वतः फिरवून पाहिलं. टक्‌.

"कुणी केलं?" त्यांनी विचारलं.

"जो माझी काच धूत नाही, त्याने." काकांनी क्रेट टेबलावर आणलं. "सकाळी सतरा नंबरवर एकतीसचं बूच होतं. सतराचं धुतलेल्या बुचांच्या ट्रेमध्ये पडलं होतं. चोराला वाटलं, सगळी बुचं सारखी. इथे बारा वर्षांत काच धुतलेला माणूस ही चूक करणार नाही. म्हणून मी दुपारी तिघांकडून एकेक बाटली बंद करून घेतली. ही जावईबापूची: बाटली बावीस, बूच बावीस. ही वहिनींची: आठ, आठ. आणि ही सरांची." ते थांबले. "बाटली चौदा, बूच सव्वीस."

वहिनींचा हात तोंडावर गेला.

"आणि काढलेलं रबर सरांनी बाहेरच्या फुटक्या काचेच्या डब्यात टाकलं," काका पुढे म्हणाले. "त्यांच्या काळी तो डबा कचऱ्यात जायचा. आता माझ्याकडे येतो."

"हा काय पोरखेळ आहे!" सरांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मी पंधरा वर्षांत बाटली धुतली नाही म्हणून मी चोर?"

"आणि हा कागद?" ताईने तो बोटाने ठोकला. "तुम्ही एका बोटाने टाइप करता, सर. बाटली दहाला उघडली, निकाल साडेदहाला आला, आणि त्याच क्षणी कागद तुमच्या फाइलमध्ये तयार होता. तुम्हाला बाटली उघडायच्या आधीच कळलं होतं, आत काय आहे."

"तुझा प्रगती-अहवाल वाचून शंका होती म्हणून तयार ठेवला! यातलं काहीही सिद्ध होत नाही. आणि हे सगळं मानलं, तरी तो आयन होता याला पुरावा काय? रबराने साधा ब्रोमीनही खाल्ला असेल. मी तीस वर्षं सांगतोय, त्या बुटक्या पिंजऱ्यात धन ब्रोमीन टिकत नाही. नाही टिकत!"

ताईने त्यांच्याकडे पाहिलं. सकाळपासूनचा राग आता निवळून अगदी स्वच्छ झाला होता.

"काका, ज्योत विझवा," ती म्हणाली.

तिने बाटलीतली पांढरी पूड चिमूटही न सांडता द्रावकात विरघळवली. ती बनवायला तिला चौदा महिने लागले होते, आणि दुसरी नव्हती. धूर ओढणाऱ्या कपाटाची काच अर्धी खाली ओढून तिने थेंबनळीत ब्रोमीन घेतला. "सरांनी माझा ब्रोमीन नेला, पिंजरा नेला नाही. नेता आलाच नाही. तुम्ही मघापासून जिला माझी बनावट म्हणता, तीच ही पूड."

एक थेंब पडला. लालसर रंग पसरला आणि काही झालं नाही. दुसरा. जावईबापू पुढे सरकला. तिसरा थेंब पडला आणि द्रावण गढुळलं, मग तळाशी पिवळं काहीतरी बसायला लागलं. बघता बघता स्फटिकांचा थर जमला, पिवळाधमक, जसा चार महिन्यांपूर्वी जमला होता. ताईने ते गाळले, वाळवले आणि चिमूटभर वहिनींच्या हाती दिले. वहिनी धावतच गेल्या. चष्मा कपाळावरच राहिला होता.

सगळे थांबले होते. मोठे सर मात्र कधी उठून कपाटाजवळ आले ते कुणाला कळलंच नाही. ते वाकून त्या पिवळ्याकडे बघत होते. चेहऱ्यावर राग नव्हता. होता तो हावरा, हळवा अचंबा. तीस वर्षांपूर्वी दीड मिनिटात त्यांच्या हातून निसटलेली गोष्ट समोर पडली होती.

"विलक्षण आहे," ते स्वतःशीच पुटपुटले. "पाच दिवस तर रबरालाही दाद देत नव्हतं."

आपण काय बोललो ते सरांना एका श्वासानंतर कळलं. ते सरळ झाले, खुर्चीत बसले आणि एकदम म्हातारे दिसायला लागले.

"रोज बघत होतात," ताई म्हणाली. "रोज माझं कपाट उघडून बघत होतात, टिकतंय का ते."

"सहाव्या दिवशी फिकं व्हायला लागलं," सर खालच्या मानेने म्हणाले. "मला... मला बरं वाटलं तेव्हा."

वहिनी आलेख घेऊन आल्या. परीक्षकबाईंनी तो आणि चार महिन्यांपूर्वीचा, दोन्ही शेजारी ठेवून नीट पाहिले. मग त्यांनी सरांनी टाइप केलेला कागद उचलला, उभा फाडला, आडवा फाडला.

"पुढची चौकशी मी लावते, आणि तुम्ही त्यात काय सांगायचं ते आतापासून ठरवा," त्या सरांना म्हणाल्या. ताईकडे वळून म्हणाल्या, "परीक्षा झाली. आता त्या अकराव्या प्रकरणाचं काय करायचं ते तू लिही."

काकांनी खिशातून एक बूच काढून ताईला दिलं. माथ्यावर सतरा. तिने स्फटिक बाटलीत भरले, बूच बसवलं आणि दोन्ही हातांनी, दात आवळून, पिळलं. ते करकरलं आणि घट्ट झालं.

टेबलावर सरांचं सोनेरी टोपणाचं पेन तसंच पडलं होतं. ताईने ते उचललं. बाटलीला कोरं लेबल चिकटवलं, त्यावर पदार्थाचं नाव लिहिलं, आजची तारीख घातली आणि खाली आपली सही केली, ठळक, पूर्ण नावानिशी. पेनला टोपण लावून तिने ते सरांसमोर ठेवलं.

"घ्या सर," ती म्हणाली. "केली सही."

मग बाटली उचलून ती थंड कपाटाकडे गेली. कपाटाला कुलूप लावलं, किल्ली एप्रनच्या खिशात टाकली आणि आईला फोन लावायला जिन्याकडे निघाली.